पेटीतला लॅपटॉप नको

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घ्यायची म्हटली की ते काम मायचं. बाबा तलावातून मासोळी काढायचे आणि तिथंच त्यांचा कारभार संपायचा. पाण्याबाहेरचं आपल्याला काही समजत नाही, असं ते स्वतःच सांगायचे, आणि हा विनय नव्हता, वस्तुस्थिती होती. एकदा त्यांनी हौसेनं छत्री आणली, ती उघडली ती पुन्हा मिटलीच नाही. तेव्हापासून कुलपापासून कुकरपर्यंत सगळी खरेदी मायनं केली. दुकानदाराला ती इतकं पिदडायची की शेवटी तो म्हणायचा, बाई, घेऊन जा, पण जा. त्यामुळे मला लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा तो कोण निवडणार हा प्रश्नच कुणाला पडला नाही. मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होते, हा मुद्दा घरात कुणी विचारातही घेतला नाही.

माय मासोळ्या विकायची. आसपासच्या चार गावांचे आठवडी बाजार तिचे, आणि उरलेल्या दिवशी ब्रह्मपुरीत दारोदार फिरणं. माल पारखायचे तिचे दोन नियम होते. पहिला, मासोळीचा कल्ला उचलून आत पाहायचं. लाल असला तर ताजी. फिक्का पडला असला तर विकणारा कितीही गोड बोलो, पुढं चालू लागायचं. दुसरा, पेटीतला माल घ्यायचा नाही. आंध्रातून बर्फाच्या पेट्यांत भरून जी मासोळी यायची तिच्यावर मायचा फार राग. वरून चकचकीत आणि पोटात पाच दिवसांची शिळी. जे बंद करून आणावं लागतं त्यात काहीतरी लपवायचं असतंच, असं तिचं ठाम मत होतं, आणि मासोळीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं.

आता माझं ऐका. मी रोज काळी-पिवळीनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपनं, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जायची. कॉलेजात माझ्या घरी शेती होती. म्हणजे नव्हती, पण मी तसं सांगून बसले होते. पहिल्या वर्षी कुणीतरी सहज विचारलं, घरी काय करतात, आणि माझ्या तोंडातून शेती निघून गेलं. मग तीन वर्षं ती शेती मला कसावी लागली. पाऊस लांबला की मी चिंतेत पडायची. धानाला भाव आला की मैत्रिणी माझ्याकडं समोसे मागायच्या. घरून निघताना मी बेसन-लिंबानं हात घासायची आणि माय टोपलं घेऊन ब्रह्मपुरीतल्या ज्या गल्ल्यांतून फिरायची त्या गल्ल्या टाळायची. आज स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तेव्हा हा सगळा बंदोबस्त मला मोठ्या हुशारीचा वाटायचा.

शेवटच्या वर्षी सरांनी सांगितलं की पुण्याची एक कंपनी नागपूरला मुलाखती घ्यायला येणार आहे. ज्यांना जायचंय त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोजेक्ट स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा. आमच्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, त्यातले सात चालायचे, एकेकावर तिघं बसायचे आणि साडेचारला दाराला कुलूप लागायचं. तिथं प्रोजेक्ट पुरा होण्याची आशा नव्हती. आणि मुलाखत हुकली तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. अहेरीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाची स्वतःची काळी-पिवळी होती, माणसं चांगली होती, बाबांना पसंत होती. पोरगी नोकरीला लागली तर थांबू, नाहीतर उन्हाळ्यात उरकून टाकू, असा निरोप गेला होता. काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर तीन वर्षं बसून माझी त्या गाडीची हौस पुरती फिटली होती. मला पुण्याला जायचं होतं, आणि त्यासाठी लॅपटॉप पाहिजे होता.

मी अभ्यास करून यादी केली. कॉलेजच्या वाचनालयात एक कॉम्प्युटरचं मासिक यायचं, त्यातून बरंचसं उतरवून घेतलं. प्रोसेसर दोन कोअरचा. रॅम दोन जीबी, कारण एक जीबीवर जावा आणि डेटाबेस एकत्र चालवले की कॉम्प्युटर आजारी माणसासारखा नुसता पडून राहतो. हार्ड डिस्क पैशात बसेल तेवढी. पडदा कसाही चालेल, कोड लिहिणाऱ्याला रंगांचं काय करायचंय. बॅटरी मात्र चांगली, कारण गावात दिवसाचे आठ-नऊ तास लोडशेडिंग. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं, सरांनी दोनदा बजावलेली गोष्ट: दुकानात मांडून ठेवलेला नमुन्याचा पीस घ्यायचा नाही. तो सकाळपासून दुकान मिटेपर्यंत वायर लावून तापत असतो, त्याची बॅटरी आतून मेलेली असते. सीलबंद खोकं आपल्यासमोर फोडून घ्यायचं.

चंद्रपूरला जाताना एसटीत मी ही यादी मायला वाचून दाखवली. तिनं मन लावून ऐकली. रॅमला मान डोलावली, हार्ड डिस्कला डोलावली. लाल ओळीपर्यंत मी पोचणार तेवढ्यात सिंदेवाहीचा स्टँड आला आणि मायला खाली तिच्या धंद्यातली एक ओळखीची बाई दिसली. मग खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत तिनं त्या बाईशी झिंग्यांच्या भावाबद्दल बोलून घेतलं आणि गाडी सुटल्यावर तिला झोप लागली. ओळ राहून गेली ती गेलीच.

दुकान काचेचं, आत एसी. मायनं लग्नाकार्याची जांभळी साडी नेसली होती आणि पैसे कमरेच्या बटव्यात होते. टाय बांधलेल्या विक्रेत्यानं माझी यादी पाहिली, थोडा दबला, आणि आतून एक सीलबंद खोकं आणून काउंटरवर ठेवलं. यादीतलं सगळं त्यात होतं आणि आमच्या पैशात बसत होतं. मी मनात म्हटलं, चला, झालं काम. मायनं खोक्याकडं पाहिलं. चारी बाजूंनी पाहिलं.

"पेटीतला नको," ती म्हणाली. "खुला दाखव."

विक्रेत्यानं समजावलं की माल कारखान्यातून सीलबंद आलाय, अजून कुणी हात लावलेला नाही. तो जितक्या वेळा सीलबंद म्हणाला तितकी मायची भुवई वर चढत गेली. कुठून आला, कोणत्या दिवशी भरला, किती दिवस बंद हाये, असं तिनं त्याला धारेवर धरलं. बिचारा प्रामाणिक निघाला, त्यानं खोक्यावरची तारीख वाचून सांगितलं, तीन महिने झाले. तीन महिने! मायनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बघ, मी आले नसते तर तुला काय चिकटवलं असतं यानं.

आणि मग तिला काउंटरवरचा नमुन्याचा पीस दिसला. तो उघडा होता, चालू होता, आणि दैवाची थट्टा अशी की त्याच्या पडद्यावर मासोळ्या पोहत होत्या. तेव्हा दुकानदार तसली चित्रं लावून ठेवायचे. मायनं काउंटरवर कोपर टेकून त्या मासोळ्या बराच वेळ पाहिल्या. यातली एकही आपल्या तलावात होत नाही, पण अंगानं चपळ आहेत आणि पाणी स्वच्छ आहे, असा अभिप्राय दिला. मग लॅपटॉपच्या कडेला हात लावला. तो गरम लागला.

"हा जिवंत हाये," ती म्हणाली. "हाच देजो."

विक्रेत्याचा चेहरा असा खुलला की मला तिथंच सगळं कळायला हवं होतं. कळलंही होतं. तेच मॉडेल होतं, तीच रॅम, पण वर्षभर वायर लावून तापलेला तो पीस त्याच्या गळ्यातलं लोढणं होता. त्यानं लगेच भाव थोडा उतरवला आणि वर बॅग फुकट देऊ केली. बोलायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंही. नेमकं तेव्हाच काचेचं दार ढकलून माझी वर्गमैत्रीण तिच्या वडिलांबरोबर आत आली. वडील ब्रह्मपुरीत गुरुजी. तीही त्याच मुलाखतीसाठी लॅपटॉप घ्यायला आली होती.

आता मायला अडवायचं म्हणजे सांगावं लागणार होतं की कॉम्प्युटरचं मासोळीसारखं नसतं. आणि मासोळी हा शब्द एकदा निघाला की माय थांबणार नव्हती. मायला हळू बोलता येत नाही. चार बाजारांत ओरडून तिचा आवाजच तसा झालाय. बर्फ, पेटी, कल्ला, आंध्राचा माल, सगळं त्या एसीत गुरुजींच्या समोर उलगडलं असतं, आणि तीन वर्षं कसलेली माझी शेती दोन मिनिटांत बुडाली असती. मी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून म्हटलं, "हाच घेऊ." मैत्रिणीकडं पाहून हसलेसुद्धा. तिनं शहाण्यासारखं खोकं फोडून घेतलं.

घरी आल्यावर मायनं लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. बाबांनी लांबूनच नमस्कार केला. मी वायर काढली आणि घड्याळ लावून बसले. पस्तीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला मासोळ्या पोहता पोहता गडप झाल्या आणि पडदा काळा झाला.

पुढचे दोन महिने मी पस्तीस मिनिटांची प्रोग्रामर होते. लोडशेडिंगच्या वेळात वहीवर पेन्सिलीनं कोड लिहायचा, लाइट आले की धावत टाइप करायचा. प्रोजेक्ट होता वाचनालय व्यवस्थापनाचा. आमच्या गावात वाचनालय नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रोग्रामात कुणी पुस्तक नेत नव्हतं की हरवत नव्हतं, सगळं फार शिस्तीत चाललं होतं. बिघडत होता तो लॅपटॉप. माय येता-जाता विचारायची, याचा दम काऊन तुटते, आणि मी म्हणायची, होईल बरा.

एका दुपारी मी तीन दिवसांचं काम एकत्र जोडत होते आणि लाइट गेले. पस्तीसची आता वीस मिनिटं झाली होती. ती संपली, फाइल सेव्ह होता होताच बिघडली आणि सगळं पुसलं गेलं. मुलाखतीला तीन आठवडे राहिले होते. माय अंगणात पाटावर बसून मासोळीचे खवले काढत होती, आणि मी तिच्यावर तुटून पडले. तुझ्यामुळे, म्हटलं. त्या खोक्यातला घेतला असता तर आज ही पाळी आली नसती. मांडून ठेवलेला पीस कुणी घेतं का, त्याची बॅटरी मेलेली असते, सरांनी दोनदा सांगितलं होतं, माझ्या वहीत लाल अक्षरात लिहिलेलं आहे. मायचा हात थांबला.

"तुले मालूम होतं?"

मी हो म्हटलं.

"मंग तिथीच काऊन नाई सांगतलं?"

उत्तर द्यायचं तर कॉलेजातली ती शेती सांगावी लागली असती. मायनं हातातली मासोळी खाली ठेवली. माझ्या लिंबानं घासलेल्या हातांकडं पाहिलं. मग उरलेल्या मासोळीचे खवले काढायला लागली. मला वाटलं, विसरली.

पाच दिवसांनी माय बाजाराला गेली आणि तिन्हीसांजेला परत आली ती रिकामं टोपलं आणि कागदात गुंडाळलेली एक बॅटरी घेऊन. चंद्रपूरला जाऊन आली होती. तिच्या धंद्याचा कायदा साधा होता: मासोळी खराब निघाली की पुढच्या बाजारात गिऱ्हाइकाला बदलून द्यायची, कुरकुर न करता. हाच कायदा काचेच्या दुकानालाही लागू असणार असं धरून ती गेली. त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही, नमुन्याच्या मालाची जबाबदारी आमची नाही म्हणाले. माय बरं म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर टोपलं उतरवून धंदा लावून बसली. रोहू होती, दोन मोठ्या मरळ होत्या आणि शेरभर झिंगे. दार उघडलं की एसीची गार हवा बाहेर यायची आणि झिंग्यांचा वास आत जायचा. अकरा वाजता बसली. तिला उठवायला आलेल्यांना ती मोठ्यानं, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, लॅपटॉपची हकिकत सांगायची आणि वर मासोळीचा भावही. दोनच्या सुमाराला मालकानं बॅटरी आणून तिच्या हातात ठेवली. तोवर टोपलंही संपत आलं होतं, शेवटची मरळ मालकानंच घेतली.

बॅटरी माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "पेटीतली हाये. पेटीतलीच मागतली." आणि हातपाय धुवायला गेली. त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायची माझी लायकी नाही. मी ढसाढसा रडले एवढं खरं.

यानंतर तरी मी सुधारले असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. दोन दिवसांनी मैत्रीण कॉलेजात म्हणाली की तिचे बाबा चार्जर बदलायला चंद्रपूरला गेले होते, तर त्या लॅपटॉपच्या दुकानासमोर एक बाई मासोळ्या घेऊन बसली होती, आणि रोहू काय ताजी निघाली म्हणून सांगू. गुरुजींनी मायला ओळखलं नव्हतं. दुकानात ती जांभळ्या साडीत होती, आणि समोर टोपलं असलं की लोक बाईच्या तोंडाकडं पाहत नाहीत. मी म्हटलं, "हो का?"

नागपूरच्या त्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण होतो आणि भिंतीला प्लग चार. सकाळपासून लोक प्लगसाठी भांडत होते. माझ्या पेटीतल्या बॅटरीत अडीच तास होते. मी कुणाशी भांडले नाही, नाव पुकारल्यावर गेले, टेबलावर लॅपटॉप उघडला आणि माझं ओसाड वाचनालय पहिल्या फटक्यात चाललं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी चार अवघड प्रश्न विचारले, ते मला आले. वहीवर पेन्सिलीनं लिहून लिहून कोड पाठ झाला होता. शेवटी ते कौतुकानं म्हणाले की सकाळपासून वायर न लावता दाखवणारी तूच पहिली, बॅटरी चांगली आहे, कुठून घेतलीस? खरं सांगायला एवढं सोपं करून कुणी विचारलं नसेल. मी म्हटलं, "चंद्रपूरहून."

महिनाभरानं पोस्टानं जाड पाकीट आलं. माझी निवड झाली होती. अहेरीला निरोप गेला, बाबा तलावावर सगळ्यांना सांगून आले, आणि मायनं हुकूम सोडला की हे पत्र बाजारात येऊन वाचायचं. दुसऱ्या दिवशी मी गेले. मासोळीवाल्या बायांच्या रांगेत, मायच्या शेजारी उकिडवी बसून मी ते इंग्रजी पत्र मराठीत सांगितलं. पगार सांगितला, पुणे सांगितलं. बाया माना हलवत होत्या. पत्राच्या मागं मी नागपूरला भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स जोडलेली होती. मायनं साडीला हात पुसले, ते पान उलटलं आणि छापलेल्या ओळींमधल्या हातानं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर ती ओळखायची.

"हे तुह्या हातचं हाये. इथी काय लिवलं?"

वडिलांचा व्यवसाय: शेती. आईचा व्यवसाय: गृहिणी. इंग्रजीत, ठळक, स्वच्छ अक्षरात. मायचं बोट बरोबर त्याच ओळीवर होतं आणि सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं पाहत होत्या.

मी वाचलं, "बाबा मासोळी पकडतात, माय मासोळी विकते."

"असंच लिवलं?"

"असंच."

माय काही वेळ त्या अक्षरांकडं पाहत राहिली. कल्ला उचलून पाहिल्याशिवाय सख्ख्या बहिणीकडून मासोळी न घेणारी ही बाई. तिनं कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवून दिली. मग शेजारणीला म्हणाली की पाहा, एवढ्या मोठ्या साहेबापुढं माझ्या पोरीनं खरं ते सांगितलं, लाजली नाही.

ही गोष्ट माय अजूनही चार जणींत सांगते. मी समोर असले की सांगता सांगता माझ्याकडं पाहते, आणि मी हो म्हणून मान हलवते.